मतदानात हरणारा विरोधी सदस्य सभागृहात नेमके काय मिळवतो?

एका वाचकाने विचारले आहे: ‘आमचे आमदार विरोधी पक्षात आहेत. अधिवेशनात बोलतात, पण सरकारकडे भक्कम बहुमत आहे. मतदान झाले की हे हरणारच. मग त्यांच्या बोलण्याचा उपयोग काय? आणि त्यांचे सभागृहातले काम चांगले की सुमार, हे आमच्यासारख्या मतदारांनी ओळखायचे कसे?’

मी बरीच वर्षे आमदारांसाठी प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना आणि भाषणांची टिपणे तयार करण्याचे काम केले आहे, तेही जवळजवळ सगळे विरोधी बाकांसाठी. त्यामुळे हा प्रश्न मला कार्यकर्त्यांनी विचारला आहे, पत्रकारांनी विचारला आहे आणि पहिल्यांदा निवडून आलेल्या आमदारांनीही विचारला आहे. माझे उत्तर नेहमी एकच असते. विरोधी सदस्य किती वेळ बोलला, किती जोरात बोलला, बाके किती वाजली, यावरून त्याचे काम कळत नाही. त्याच्या बोलण्यामुळे सरकारला सभागृहाच्या नोंदीत काय मान्य करावे लागले, ते पाहायचे. कामकाजाची छापील प्रत उघडा आणि सदस्याच्या भाषणाआधी मंत्र्यांचे उत्तर वाचा. विरोधी सदस्याचे योगदान तिथे सापडते.

हे पटावे म्हणून साठ वर्षांपूर्वीचे एक उदाहरण सांगतो. ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव आणला. स्वतंत्र भारताच्या लोकसभेतला तो पहिलाच अविश्वास ठराव. निकाल कुणाला ठाऊक नव्हता असे अजिबात नाही. ठरावाच्या बाजूने ६२ आणि विरुद्ध ३४७ मते पडली. पण त्या चर्चेतले लोकांच्या लक्षात राहिले ते मतांचे आकडे नव्हेत. फर्रुखाबादची पोटनिवडणूक जिंकून नुकतेच लोकसभेत आलेले राममनोहर लोहिया उभे राहिले आणि म्हणाले की या देशातले सत्तावीस कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात. पंतप्रधानांनी ते खोडून काढले आणि नियोजन आयोगाच्या आधारे पंधरा आण्यांचा आकडा दिला. लोहियांनी तो स्वीकारला नाही. माझा आकडा खोटा ठरवून दाखवा, या पवित्र्यावर ते ठाम राहिले आणि सप्टेंबरमध्ये या एकाच विषयावर लोकसभेला वेगळी चर्चा करावी लागली. त्या वादात सरकारच्या बाजूनेच साडेसात आण्यांचा आकडा पुढे आला.

यातली मेख नीट पाहा. पंधरा आणे ही देशाची सरासरी होती. तिच्यात गिरणीमालकही आले आणि शेतमजूरही. लोहिया बोलत होते ते लोकसंख्येच्या खालच्या साठ टक्क्यांबद्दल. म्हणजे दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टी मोजत होत्या आणि लोहियांना नेमके तेच उघडे पाडायचे होते: सरासरी सांगितली की गरीब माणूस हिशेबातून गायब होतो. तीन आणे बरोबर की साडेसात, यावर अर्थशास्त्रज्ञांनी नंतर हवे तेवढे वाद घालावेत. पण खालच्या साठ टक्क्यांचा हिशेब सरकारने वेगळा द्यायचा असतो, हे त्या चर्चेने प्रस्थापित केले. दारिद्र्यावरची पुढची संसदीय चर्चा त्या प्रश्नाला टाळून करता येईना. ठराव २८५ मतांनी पडला आणि तरीही लोहियांचे काम झाले होते.

आता आजच्या सभागृहाकडे येऊ. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली, दहावी अनुसूची आली. पक्षाचा व्हिप, म्हणजे कसे मत द्यायचे याचा आदेश, मोडला तर सदस्यत्व जाऊ शकते. म्हणजे विरोधी सदस्याने समोरच्या बाकावरच्या माणसाला कितीही पटवून दिले, तरी त्या माणसाला मत फिरवता येत नाही. भाषणाने मतदान बदलेल ही आशा त्या दिवसापासून व्यवहारात संपली. अनेकांना वाटते की त्यामुळे वादविवादच निरर्थक झाला. मला उलट वाटते. मत बदलता येत नाही म्हटल्यावर नोंद हेच मुख्य हत्यार उरते आणि ते अधिक नेमके वापरावे लागते.

आपल्याकडे विधिमंडळात ‘आयुधे’ हा शब्द सर्रास वापरतात: तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात), अतारांकित प्रश्न (ज्याला फक्त लेखी उत्तर मिळते), लक्षवेधी सूचना, स्थगन प्रस्ताव, अर्ध्या तासाची चर्चा, कपात सूचना, अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले), हक्कभंग. नवा आमदार आला की त्याला यादी पाठ होते, पण कोणते आयुध कुठे चालवायचे हे उमजायला बऱ्याचदा पहिली टर्म जाते. म्हणून मी सर्वांत साध्या आयुधापासून, तारांकित प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त काम तिथेच होते आणि सगळ्यात जास्त फुकटही तिथेच जाते.

विधानसभेच्या प्रश्नाची एक ठरलेली घडण असते. ‘सन्माननीय आरोग्यमंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात, मग क्रमांक एक: ‘... हे खरे आहे काय’. क्रमांक दोन: ‘असल्यास,...’, शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ समजा, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाचा प्रश्न आहे. कार्यकर्ता निवेदन घेऊन येतो, त्यावरून घाईत लिहिलेला प्रश्न असा होतो: ‘सदर ग्रामीण रुग्णालयाची दुरवस्था झाली असून रुग्णांची प्रचंड गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय?’ खात्याकडून उत्तर येते: ‘हे खरे नाही.’ आणि खालच्या सगळ्या भागांना एकच उत्तर: ‘प्रश्न उद्भवत नाही.’ संपले. ‘दुरवस्था’ आणि ‘गैरसोय’ या शब्दांची मोजपट्टी कुणाकडेच नसल्यामुळे नाही म्हणणे अगदी सोपे होते.

आता तोच प्रश्न वेगळा लिहू. या रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्यांची मंजूर पदे किती, प्रत्यक्ष भरलेली किती आणि रिक्त पदे कोणत्या तारखेपासून रिक्त आहेत? क्ष-किरण यंत्र कोणत्या तारखेला बसवले आणि त्यासाठी तंत्रज्ञाची नेमणूक झाली आहे काय? गेल्या तीन वर्षांत या रुग्णालयातून जिल्हा रुग्णालयात पाठवलेल्या बाळंतिणींची वर्षनिहाय संख्या किती? याला ‘हे खरे नाही’ असे उत्तर देताच येत नाही. संख्या द्यावी लागते किंवा माहिती नाही असे लिहून द्यावे लागते, आणि आरोग्य खात्याकडे आपल्याच रुग्णालयातल्या रिक्त पदांची माहिती नाही हे लेखी येणे हीसुद्धा मोठी कबुली आहे. यंत्र बसवून दोन वर्षे झाली आणि तंत्रज्ञ नाही, एवढे एक वाक्य मंत्र्यांच्या सहीने छापले गेले की स्थानिक वर्तमानपत्र, जिल्हा नियोजन समितीची बैठक, उच्च न्यायालयातली जनहित याचिका, सगळीकडे ते पुरावा म्हणून चालते. आमदाराच्या तासाभराच्या भाषणाला ती किंमत नाही.

‘अंशतः खरे आहे’ हे उत्तर आले तर मी आमदारांना सांगतो की आता नीट तयारी करा, इथे काहीतरी आहे. खात्याला पूर्ण नाकारता आलेले नाही. मग उपप्रश्नांची, म्हणजे उत्तरावर सभागृहात उभे राहून विचारायच्या पुढच्या प्रश्नांची, वेळ येते. अध्यक्ष फार तर दोन-तीन उपप्रश्नांना वाव देतात, म्हणून पहिला उपप्रश्न अंशतः म्हणजे किती, यावरच हवा. मंत्री उठून ‘चौकशी करण्यात येईल’ म्हणाले की नवखा आमदार समाधान मानून खाली बसतो. मुरलेला आमदार विचारतो: चौकशी कोण करणार, किती दिवसांत, आणि अहवाल पटलावर ठेवणार का? अधिवेशन संपण्यापूर्वी ठेवणार का? मंत्र्यांनी ‘एक महिन्यात’ म्हटले की ते आश्वासन झाले. आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करू शकते. लोकसभेत अशा आश्वासनाची पूर्तता तीन महिन्यांत व्हावी असा संकेत आहे. मुदत पाळली जातेच असे नाही, बरीच आश्वासने वर्षानुवर्षे लोंबकळतात. तरी पुढच्या अधिवेशनात ‘आपण अमुक तारखेला सभागृहाला असे सांगितले होते’ एवढ्या वाक्याने चर्चा सुरू करता येणे आणि पुन्हा शून्यापासून सुरू करावी लागणे, यात फार अंतर आहे.

इथे एक आतली गोष्ट सांगतो, जी दूरचित्रवाणीवर दिसत नाही. सभागृहात अधिकाऱ्यांसाठी वेगळी दीर्घा असते. खात्याचे सचिव, उपसचिव, संचालक तिथे फायली घेऊन बसलेले असतात. आमदाराने उपप्रश्न टाकला की तिथून मंत्र्यांकडे चिठ्ठी जाते. रात्री उशिरापर्यंत नियम २९३ खालची, म्हणजे सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावरची, चर्चा चालते तेव्हा बाके रिकामी असतात, पत्रकारही निघून गेलेले असतात आणि आमदाराला वाटते की आपण भिंतींशी बोलतो आहोत. पण दीर्घेत बसलेला तो अधिकारी मुद्दे टिपून घेत असतो, कारण उद्या मंत्र्यांच्या उत्तराचा मसुदा त्यालाच करायचा असतो. भाषणात तालुका, योजना, शासन निर्णयाची तारीख आणि रक्कम आली तर त्याला खालच्या कार्यालयाला फोन करून खुलासा मागवावा लागतो. भाषणात नुसता संताप असेल तर त्याच्या वहीत काहीच उतरत नाही. आमदाराने कुणासाठी बोलायचे, असे मला विचाराल तर मी सांगेन: कार्यवृत्त लिहिणाऱ्या प्रतिवेदकासाठी आणि दीर्घेतल्या त्या उपसचिवासाठी. बाके वाजवणाऱ्यांसाठी नको.

प्रश्नोत्तराच्या तासाचे मोल किती, हे तो नसतो तेव्हा कळते. आणीबाणी लागल्यावर जुलै १९७५ मध्ये संसदेचे जे अधिवेशन भरले, त्यात प्रश्नोत्तराचा तास रद्द केला होता. कोविडच्या साथीत सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनातही तोंडी प्रश्नोत्तरे नव्हती, फक्त लेखी उत्तरे मिळत होती. दोन्ही प्रसंगांची कारणे निराळी, त्यांना एका तागडीत घालायचे कारण नाही. परिणाम मात्र एकच: उपप्रश्न गेला. लेखी उत्तर खाते लिहिते. उपप्रश्नाला मात्र मंत्र्यांना स्वतः उभे राहून उत्तर द्यावे लागते आणि आपले खाते त्यांना कितपत माहीत आहे हे तिथेच दिसते.

लक्षवेधी (विधानसभेत नियम १०५) ही तातडीच्या विषयासाठी. स्थगन प्रस्ताव (नियम ९७) स्वीकारला जाणे दुर्मीळ, पण तो का स्वीकारावा हे सांगताना विरोधकांना विषय मांडण्याची संधी बऱ्याचदा मिळते आणि त्यातूनच सरकारचे निवेदन येते. कपात सूचनांकडे हल्ली फार दुर्लक्ष होते याचे मला मनापासून वाईट वाटते. लोकसभेच्या नियमांत त्यांचे तीन प्रकार आहेत: धोरणच अमान्य म्हणून खात्याच्या खर्चाची मागणी एक रुपयावर आणा, काटकसरीसाठी अमुक रक्कम कमी करा, किंवा विशिष्ट तक्रारीसाठी लाक्षणिक शंभर रुपये कमी करा. शंभर रुपयांनी राज्याची तिजोरी हलत नाही, पण त्या निमित्ताने एका खात्याच्या एका लेखाशीर्षावर, म्हणजे खर्चाच्या एका बाबीवर, बोलण्याचा हक्क मिळतो. अर्थसंकल्पावरच्या सर्वसाधारण चर्चेत सगळे सगळ्यावर बोलतात. खात्यांच्या मागण्यांवर बोलायला अभ्यास लागतो, म्हणून तिथे गर्दी नसते. अनेक मागण्या तर वेळ संपला म्हणून चर्चेविनाच मंजूर होतात.

नियमांचे पुस्तक हेच हत्यार करणारा सदस्य म्हणून मी नव्या माणसाला नेहमी मधू लिमयांचे नाव सांगतो. पुण्यात जन्मलेला, गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात पोर्तुगीजांकडून बारा वर्षांची शिक्षा झालेला हा माणूस १९६४ साली बिहारमधल्या मुंगेरच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत गेला आणि पुढे बांक्यातूनही निवडून आला. मराठी माणसाला बिहारने लोकसभेत पाठवले ते जातीच्या वा भाषेच्या बळावर नाही. लिमयांच्या पक्षाची संख्या छोटी, त्यामुळे पक्षाला बोलायला मिळणारा वेळही तुटपुंजा. पण हरकतीचा मुद्दा, औचित्य, हक्कभंग, निवेदनाची मागणी यांना पक्षाच्या वेळेचे बंधन नसते. नियम आणि पूर्वीचे निर्णय तोंडपाठ असतील तर एकटा सदस्य सगळ्या सभागृहाला थांबवू शकतो, आणि तेही जागेवर उभे राहून.

१९७४ चे आयात परवाना प्रकरण त्यासाठी पाहण्यासारखे आहे. पाँडिचेरीकडच्या काही व्यापाऱ्यांना परवाने मिळावेत म्हणून २१ खासदारांच्या सह्यांचे निवेदन व्यापार मंत्रालयाकडे गेले होते. सह्या आपल्या नाहीत, असे त्यातले बहुतेक खासदार म्हणू लागले. तपास सीबीआयकडे गेला, प्रकरण न्यायालयात गेले आणि न्यायप्रविष्ट बाबीवर बोलता येणार नाही अशी सरकारची भूमिका झाली. लिमये आणि इतर विरोधी सदस्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. आरोपीचा गुन्हा ठरवणे हे न्यायालयाचे काम. पण खासदारांच्या नावाचा गैरवापर झाला का आणि मंत्रालयाने परवाने कसे दिले, हे विचारण्याचा हक्क सभागृहाचा आहे, तो न्यायालयात खटला असल्याने संपत नाही. हा वाद दिवसेंदिवस चालला. अखेर विरोधी नेत्यांना तपासाची कागदपत्रे वाचायला देण्यापर्यंत सरकारला यावे लागले. ‘न्यायप्रविष्ट’ या एका शब्दाने आजही कितीतरी चर्चा बंद पाडल्या जातात. तेव्हा तो भेद कसा मांडला होता, हे आजच्या विरोधी आमदाराने वाचायलाच हवे.

आणि लिमयांबद्दल एवढे सांगून थांबता येत नाही. आणीबाणीत लोकसभेची मुदत पाच वर्षांवरून वाढवली, तेव्हा तुरुंगात असलेल्या लिमयांनी १९७६ साली सदस्यत्वाचा राजीनामा दिला. लोकांनी पाच वर्षांसाठी निवडले, सहाव्या वर्षाचा अधिकार आपल्याला नाही, ही भूमिका. शरद यादवांनीही तेच केले.

आता ज्या उदाहरणाचा मला सर्वांत जास्त आदर वाटतो त्याकडे येतो: बॅरिस्टर नाथ पै. वेंगुर्ल्याचा हा माणूस १९५७ पासून राजापूरमधून सलग तीनदा लोकसभेत गेला. त्यांच्या वक्तृत्वाबद्दल इतके बोलले गेले आहे की त्यांचे विधिविषयक काम झाकले गेले, आणि माझ्या दृष्टीने तेच जास्त मोठे आहे.

२७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. अकरा न्यायमूर्ती, सहा विरुद्ध पाच. मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असा तो निकाल होता. त्यानंतर काही आठवड्यांतच, एप्रिलमध्ये, नाथ पैंनी अशासकीय विधेयक आणले: घटनेच्या कोणत्याही भागात, मूलभूत हक्कांच्या भागातही, दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार कलम ३६८ मध्ये स्पष्ट करावा. त्या लोकसभेत काँग्रेसचे २८३ सदस्य होते आणि नाथ पैंच्या प्रजा समाजवादी पक्षाचे १३. तरीही देशाच्या घटनेतला त्या घडीचा सर्वांत मोठा पेच सोडवायचा मसुदा या तेरांपैकी एकाने मांडला. विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले, तिने साक्षी घेतल्या, अहवाल दिला, चर्चा झाली. विरोधी बाकांवरही त्यावर एकमत नव्हते. मूलभूत हक्कांत, विशेषतः मालमत्तेच्या हक्कात, संसदेने हात घालावा हेच ‘स्वतंत्र’ नावाच्या पक्षाला मान्य नव्हते. विधेयक मंजूर झाले नाही. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि त्यासोबत ते संपले. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात नाथ पै गेले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये २४ वी घटनादुरुस्ती अमलात आली. तिचा गाभा तोच होता: संसदेला घटनेच्या कोणत्याही तरतुदीत दुरुस्ती करता येईल. सरकारी विधेयक, सरकारी श्रेय. पण युक्तिवादाची सगळी मशागत चार वर्षे एका विरोधी सदस्याच्या विधेयकाने केली होती. त्या चर्चेत आलेले आक्षेप, साक्षीदारांची मते, उत्तरे, सगळे कार्यवृत्तात तयार होते. पुढे १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायमूर्तींच्या पीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली आणि त्याच वेळी घटनेच्या मूलभूत चौकटीला हात लावता येणार नाही अशी मर्यादा घातली. ती मर्यादा घालणे योग्यच झाले असे मी मानतो. संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादाच नाही असे म्हणणाऱ्या, आणीबाणीतल्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते सिद्ध केले. याचा अर्थ नाथ पैंची भूमिका सर्वस्वी बरोबर होती असा नाही. योगदान मोठे असायला सदस्याची बाजू शेवटी जिंकायलाच हवी असे नसते. त्याने प्रश्न इतका नीट मांडावा लागतो की मान्य करणाऱ्याला आणि नाकारणाऱ्यालाही त्याच्याच मांडणीपासून सुरुवात करावी लागावी.

स्वातंत्र्यानंतर आजवर फक्त १४ अशासकीय विधेयके कायदा झाली, शेवटचे १९७० साली. हा आकडा सांगून अनेक जण या आयुधाची टिंगल करतात. पण नाथ पैंचे विधेयक त्या १४ मध्ये नाही, एवढे लक्षात घेतले तरी त्या मोजणीची मर्यादा कळते.

चिकाटी हा आणखी एक भाग. राजापूरमधून नाथ पैंनंतर मधू दंडवते निवडून आले आणि १९७१ ते १९९१ असे सलग पाचदा निवडून आले. मधली काही वर्षे सोडली तर विरोधी बाकांवर. कोकणात रेल्वे ही मागणी या मतदारसंघाच्या खासदारांनी पिढ्या बदलल्या तरी सोडली नाही. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये झाले, दंडवते त्या वेळी अर्थमंत्री होते आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला. राज्याच्या विधानसभेत सांगोल्याचे गणपतराव देशमुख शेतकरी कामगार पक्षाकडून अकरा वेळा निवडून आले, त्यातला बहुतेक काळ विरोधात. दुष्काळी तालुका, आणि विषय पुन्हा पुन्हा तेच: पाणी, रोजगार हमी, शेतमजूर. एका अधिवेशनात मिळालेले उत्तर पुढच्या अधिवेशनाच्या प्रश्नाचा पाया करायचा, ही पद्धत कंटाळवाणी वाटते. पण एखाद्या योजनेची तरतूद किती वर्षे कागदावर राहिली हे त्यानेच उघड होते.

गोंधळाबद्दल बोलणे भाग आहे. विधान भवनाच्या पायऱ्यांवर फलक घेऊन निदर्शने, वेलमध्ये उतरणे, राजदंड उचलणे, सभात्याग, हे सगळे आपण पाहतो. काही वेळा ते आवश्यक असते. सरकार चर्चेलाच तयार नसेल तर सभात्याग हेही मत आहे, आणि त्याचीही नोंद होते. पण कामकाज रोज बंद पाडण्याची किंमत कोण मोजतो? सरकारची विधेयके आणि पुरवणी मागण्या गोंधळातही आवाजी मतदानाने मंजूर होतात. बुडतो तो प्रश्नोत्तराचा तास, बुडतात लक्षवेधी, म्हणजे विरोधकांचाच वेळ. माझे मत स्पष्ट आहे: आधी विचारा, उत्तर नोंदीत येऊ द्या, मग निषेध करून बाहेर जा. उत्तराआधी बाहेर पडणाऱ्या सदस्याने मंत्र्यांना सुटका करून दिलेली असते.

संख्याबळाचा प्रश्नही आज तीव्र आहे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत २८८ जागांच्या सभागृहात विरोधी बाजूच्या सर्वांत मोठ्या पक्षाला २० जागा मिळाल्या. एकूण जागांच्या एक दशांशाचा संकेत लावला तर विरोधी पक्षनेतेपदासाठी २९ लागतात. ते पद नसले की बोलण्याचा अग्रक्रम, कार्यालय, कर्मचारी यांचा आधार जातो, आणि हे लोकशाहीचे खरे नुकसान आहे. पण वर सांगितलेल्या कोणत्याही आयुधाला विरोधी पक्षनेता असावा लागत नाही. तारांकित प्रश्न एका सदस्याचा असतो. अशासकीय विधेयकही एका सदस्याचे असते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. दिल्लीत पीआरएस ही संस्था खासदारांची उपस्थिती, प्रश्न आणि चर्चांतला सहभाग यांचे आकडे देते. मुंबईत प्रजा फाउंडेशन आमदारांची प्रगतिपुस्तके काढते. ती जरूर पाहा, त्यातून निदान कोण गप्प बसतो ते कळते. पण नुसत्या संख्येवर जाऊ नका. आपल्याकडे एकेका प्रश्नावर अनेक सदस्यांची नावे असतात. नाव असणे म्हणजे प्रश्न त्याने तयार केला असे नव्हे. त्याऐवजी तुमच्या आमदारांचे एका अधिवेशनातले प्रश्न काढा आणि उत्तरांसह वाचा. ‘हे खरे नाही, प्रश्न उद्भवत नाही’ अशा उत्तरांचे प्रमाण किती, ते पाहा. उत्तरात तारीख, रक्कम, पदसंख्या किती वेळा आली? गेल्या वर्षीचा विषय यंदा पुढच्या पायरीवर गेला का, की जसाच्या तसा पुन्हा टाकला? भाषणात महालेखापरीक्षकांच्या अहवालाचा, अर्थसंकल्पातल्या लेखाशीर्षाचा, शासन निर्णयाचा उल्लेख आहे का? ते लोकलेखा समितीवर असतील तर बैठकांना जातात का? लोकसभेत या समितीचे अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी सदस्याकडे असते, कारण खर्च झालेल्या पैशाचा हिशेब विरोधकाने तपासावा हे सर्वांनी मान्य केले आहे. समित्यांच्या बैठका दाराआड होतात, तिथे टाळ्या नसतात, म्हणून तिथली हजेरी मला फार बोलकी वाटते.

आणि मतदार म्हणून तुम्हालाही करता येण्यासारखे काम आहे. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या कितीतरी आठवडे आधी द्याव्या लागतात. अधिवेशन सुरू झाल्यावर आमदारांच्या हातात निवेदन देऊन फोटो काढला तर त्याचा प्रश्न होत नाही, फार तर औचित्याचा मुद्दा होतो. अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की लगेच कागद द्या. त्यात विशेषणे नकोत. ठिकाण, योजनेचे नाव, मंजुरीचा आदेश आणि त्याची तारीख, मंजूर रक्कम, आजची स्थिती, आणि त्याबाबत कोणत्या कार्यालयाला कधी पत्र दिले त्याची पोच. माहिती अधिकारात मिळालेले उत्तर असेल तर त्याची प्रत जोडा. एका कागदावर एकच विषय घ्या. उत्तर छापून आल्यावर ते आमदारांच्या कार्यालयातून मागून घ्या, गावात वाचा, आणि त्यातले चुकीचे काय ते पुराव्यासह पुन्हा लिहून द्या, म्हणजे पुढच्या अधिवेशनातल्या प्रश्नाचा पहिला भाग तयार झालेला असेल.